छोटी एसयूव्ही घेताय? "हे असतं तर" वाली यादी बुकिंगच्या आधी करा

जुलैमधली संध्याकाळ, जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) गांधीनगर सिग्नलच्या अलीकडे गाडी वीस मिनिटं एकाच जागी, बाहेर धो धो पाऊस, आणि माझ्या डाव्या मांडीवर टप्पकन एक थेंब पडला. आधी वाटलं एसीचं पाणी असेल. वर बघितलं तर छतातल्या रीडिंग लाइटच्या कडेला दुसरा थेंब तयार होत होता, छान गोलमटोल, आणि मी नुसता त्याच्याकडे बघत बसलो कारण करणार काय, पुढे बस, मागे टँकर. ज्या सनरूफसाठी मी एक व्हेरियंट वर चढलो होतो तोच गळत होता, आणि त्या व्हेरियंटला मागचा वायपर नव्हता म्हणून आरशात टँकरच्या दिव्यांचे दोन पिवळे डाग सोडून काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन एका कागदावर लिहून काढलं, गाडीत काय असतं तर बरं झालं असतं. अकरा गोष्टी निघाल्या. त्यातल्या नऊ मला घ्यायच्या आधीच कळायला हव्या होत्या, कोणी सांगितल्या नव्हत्या असं नाही, मीच विचारलं नव्हतं. पहिल्यांदा कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेणाऱ्यांसाठी आता तेच लिहितोय. मॉडेल कुठलं घ्या ते सांगणार नाही, ते भांडण ऑफिसमध्ये रोज होतं. फक्त कुठल्या क्रमाने विचार करायचा तेवढं.

पायरी १ : शोरूमच्या आधी स्वतःच्या पार्किंगमध्ये जा, टेप घेऊन

हसू नका. मुंबईत गाडीचं पहिलं फीचर म्हणजे ती घरी मावते की नाही. रिडेव्हलपमेंट झालेल्या बिल्डिंगमध्ये हल्ली स्टॅक पार्किंग असतं, लोखंडी ट्रेवर गाडी चढवायची आणि ती वर किंवा खाली जाते. तिथे भिंतीवर एक पाटी असते, जिच्याकडे कोणी बघत नाही. त्यावर लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. काही लेव्हल सेडानच्या हिशोबाने बनवलेल्या असतात, तिथे एसयूव्ही जात नाही म्हणजे नाही. आमच्याच विंगमधल्या एका काकांनी हौसेने गाडी आणली, हार घातला, पेढे वाटले, आणि वॉचमन म्हणाला "काका, ही वरच्या ट्रेवर नाय जाणार". रूफ रेल (छतावरच्या दांड्या) अडकत होते. ते सहा महिने रस्त्यावर जागा शोधत फिरत होते आणि मग खालचा स्लॉट एकाशी अदलाबदल करून घेतला, त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनाच माहीत.

तर आकडे बघा. ब्रेझाची उंची १६८५ मिमी आहे, नेक्सॉनची रुंदी १८०४ मिमी. ब्रोशरमध्ये जी रुंदी छापतात ती आरसे सोडून असते, आरसे उघडे असताना गाडी बरीच जास्त रुंद होते. आणि ट्रेवर गाडी चढली तरी दार किती उघडतं तेही बघा, कारण गाडी आत आणि तुम्हीही आत असं व्हायला नको. रॅम्प असेल तर त्याचं वळण बघा. आमचा रॅम्प एकदम काटकोनात वळतो, तिथे चारही बाजूंचा कॅमेरा असलेली माणसं एका दमात वर येतात, बाकीचे आम्ही तीनदा मागेपुढे करतो आणि मागचा हॉर्न वाजवतो. म्हणजे ३६० डिग्री कॅमेरा हा काही लोकांसाठी शो आहे आणि काही लोकांसाठी रोजची गरज, हे तुमचा रॅम्प ठरवतो, सेल्समन नाही.

रिव्हर्स सेन्सर दाखवून कोणी "सर हे पण मिळतंय" म्हणालं तर नुसतं हसा. जुलै २०१९ पासून ते नवीन गाड्यांना कायद्यानेच द्यावे लागतात, ऐंशीच्या वर गेल्यावर वाजणाऱ्या टुंगटुंगसकट. कॅमेऱ्याचं तसं नाही, तो वेगळा विचारायचा.

पायरी २ : तुमचा एक आठवडा लिहा

सोमवार ते रविवार, गाडी कुठे जाणार, कोण बसणार, किती वाजता. खरंच लिहा. मी लिहिलं असतं तर माझ्या कागदावर आलं असतं : मुलुंड ते अंधेरी आणि परत, आठवड्यातून चार दिवस, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. शनिवारी आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडे. रविवारी काही नाही किंवा ठाण्याला सासुरवाडी. वर्षातून दोनदा कोकण. यात सनरूफ कुठे येतो? कुठेच नाही. पोरगी दोनदा त्यातून डोकं बाहेर काढून उभी राहिली, ते पण करू नये, पावती फाटते आणि ब्रेक लागला तर त्याहून वाईट होतं. त्यानंतर सनरूफचा पडदा जो बंद आहे तो बंदच. मे महिन्यात उघडला तर टाळू भाजते.

आता या आठवड्यातून मागण्या काढायच्या. इथे जरा सविस्तर लिहितो कारण नव्या माणसाला नेमकं हेच कळत नाही.

ट्रॅफिक. ऑटोमॅटिक घ्यायची हे तुम्ही ठरवलंच असेल, पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच गोष्ट नाही. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, क्लच आणि गिअरचं काम फक्त मशीन करतं, स्वस्त पडतं, मायलेज देतं, पण गिअर बदलताना मान पुढे जाते. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्याच नसलेला प्रकार, एकदम मऊ, झटका नाही, पण जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून निघते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा प्रकार, सरकत सरकत चालायला सगळ्यात निवांत. डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला गिअरबॉक्स, हायवेवर मजा देतो पण त्याचे क्लच कोरडे असतील तर इंच इंच सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते घासून तापतात, म्हणून डीसीटीवाल्याने बैलगाडीसारखं सरकत राहण्यापेक्षा पुढे जरा जागा होऊ द्यायची आणि मग एकदम जायचं. आता घाटकोपरला तुम्ही जागा सोडलीत तर त्यात दोन रिक्षा येतात, तो वेगळा विषय.

आणि ऑटो होल्ड. हे नाव लक्षात ठेवा. ऑटोमॅटिक घेतलेल्या ज्या ज्या माणसाशी मी बोललो त्याच्या यादीत हे पहिल्या तिनात आहे. काय होतं, सिग्नलला ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सोडला की हळूच पुढे सरकते, म्हणून पाय ब्रेकवर दाबूनच ठेवावा लागतो, तासभर दाबला की पोटरी दुखते. ऑटो होल्ड असेल तर गाडी थांबली की ब्रेक तीच धरून ठेवते, पाय काढा, अॅक्सिलरेटर दाबला की सुटते. हे बहुतेक करून इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकबरोबर येतं, म्हणजे मधला ओढायचा हँडब्रेक असेल तर ऑटो होल्ड नसणार असं समजून चाला. शोरूममध्ये विचारलंत की लगेच "हो सर, हिल होल्ड आहे ना" म्हणतात. हिल होल्ड वेगळं! ते चढावर दोन-तीन सेकंद धरतं आणि सोडून देतं. फसू नका, मी फसलो.

इंजिन थांबतं-चालू होतं ती स्टार्ट-स्टॉप भानगडही बघून घ्या. सिग्नलला इंजिन बंद झालं की बऱ्याच गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो आणि मेच्या दुपारी मिनिटभरात आत दमट भपकारा सुरू. बंद करायचं बटण असतं पण गाडी ते लक्षात ठेवत नाही, दर वेळी स्टार्ट केली की परत दाबा. माझ्या यादीतली सगळ्यात क्षुल्लक आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट हीच आहे. शिवाय अशा गाडीची बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग असते, बदलायची वेळ आली की कळतं.

पाऊस. मागचा वायपर मी वर सांगितला, पण तो का लागतो ते ऐका. सेडानची मागची काच तिरकी, तिच्यावरून वारा वाहून पाणी जातं. एसयूव्हीची मागची बाजू उभी कापलेली, त्यामुळे चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेला चिखल ती पोकळी उलटा काचेवर ओढून घेते. म्हणजे एसयूव्हीला मागचा वायपर ही चैन नाही. पण खालच्या व्हेरियंटमधून पहिला उडवतात तो हाच. त्याच्या जोडीला मागच्या काचेच्या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुरकटपणा घालवणाऱ्या, तारा, त्याही बघा.

काच धुरकटण्याचं एक गंमतीशीर आहे. पावसाळ्यात काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, एसी हवेतली ओल काढतो. पण मुंबईत रात्री पाऊस थांबल्यावर उलटं होतं, आत एसी फुल्ल आणि बाहेर घामट हवा, की काच बाहेरून धुरकटते, थंड पाण्याच्या ग्लासासारखी. तेव्हा एसी काचेवर मारलात तर अजून वाढतं, वायपर एकदा फिरवायचा आणि हवा पायाकडे वळवायची. आता हे सगळं तुम्हाला पवईच्या खड्ड्यांत करायचंय आणि एसीची बटणं टचस्क्रीनच्या आत कुठेतरी तिसऱ्या पानावर आहेत अशी कल्पना करा. फिरवायचा खरा नॉब आणि दाबायचं खरं बटण, हे आता लोक मागून मागून घेतात. काचेसारखे गुळगुळीत टच पॅनल शोरूममध्ये भारी दिसतात. घामेजल्या बोटाने वापरून बघा.

पाण्यात जाण्याचं फीचर मात्र कुठल्याच गाडीत शोधू नका. ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) २०० मिमीच्या आसपास आहे म्हणून पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला किंवा मिलन सबवेत घुसायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, तेव्हा उंच गाड्याही बुडाल्या. इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. यासाठी घ्यायची गोष्ट गाडीत नाही, विम्यात आहे, इंजिन प्रोटेक्शनचा अॅड-ऑन. मुंबईत तो न घेणाऱ्याला मी हात जोडतो.

आई. म्हणजे मागची सीट. एसयूव्ही "चढायला सोपी" असं सगळे म्हणतात, ते अर्धं खरं. सीट कमरेच्या उंचीला असेल तर सोपी, त्याहून वर असेल तर गुडघेवाल्यांना उडी मारावी लागते. आईला शोरूमला घेऊन जा, खरंच. माझी आई बसली, मग म्हणाली "धरायचं कुठे?" ड्रायव्हरच्या मागच्या दारावर हँडल होतं, पण दाराच्या उंबरठ्याशी चाकाचा फुगवटा आत आलेला, पाय वळवून ठेवावा लागत होता. मी म्हटलं सवय होईल. तीन वर्षं झाली, नाही झाली. मागे एसीचे व्हेंट आहेत का, मधल्या माणसाला डोक्याला टेकायला आहे का, आणि त्याचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की नुसता पोटावरचा, हे तीन प्रश्न मागे बसून विचारायचे. काचांना उन्हासाठी आतून ओढायचे पडदे कंपनीनेच दिले असतील तर सोन्याहून पिवळं, कारण काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंदी घातली आणि नाक्यावरचे ट्रॅफिक हवालदार ती बरोब्बर ओळखतात.

थंड हवा सोडणाऱ्या सीटला मी आधी हसलो होतो. आता मित्राच्या गाडीत बसलो की उतरवत नाही. डोंबिवली असो की दादर, ऑक्टोबरमध्ये पाठीला शर्ट चिकटत नाही हे सुख काय असतं ते... असो. फक्त ती असेल तर वरून रेक्झिनचं सीट कव्हर घालू नका, भोकं बंद, हवा बंद, पैसे पाण्यात.

पायरी ३ : गाडीवाल्यांना विचारा, पण प्रश्न बदला

"गाडी कशी आहे?" असं विचारलंत की सगळे "एकदम मस्त" म्हणतात. लाखो रुपये घातलेत, दुसरं काय म्हणणार. विचारायचं असं : "परत घ्यायची झाली तर काय बघून घ्याल?" लगेच सूर बदलतो. सीएनजीच्या लाइनमध्ये उभे असाल तर पंधरा मिनिटांत तीन मुलाखती होतात.

मला मिळालेली उत्तरं जशी आठवतात तशी : स्टिअरिंग वरखाली होतं पण पुढेमागे होत नाही, पाय बरोबर ठेवले की हात लांब पडतात. गाडी लॉक केली की आरसे आपोआप मिटत नाहीत आणि चाळीच्या गल्लीत महिन्याला एक आरसा जातो. डाव्या पायाला टेकायला जागाच नाही. ड्रायव्हरशिवाय बाकीच्या काचांना एका टचमध्ये वर जायची सोय नाही. वायरलेस चार्जरवर फोन इतका तापतो की मॅपच बंद पडतो, त्यापेक्षा मागे-पुढे एक-एक जोरदार टाइप सी पॉइंट द्यायचा होता. हेडलाइट पांढराशुभ्र एलईडी आहे पण ओल्या काळ्या डांबरावर प्रकाश जातो कुठे कळत नाही. एका टॅक्सीवाल्या मामांनी सांगितलं की स्टेपनी छोटी आहे, ८० च्या वर चालवू नका असं तिच्यावरच लिहिलंय, आणि पंक्चर कशेडी घाटात झालं तर सामान भरलेल्या बूटच्या तळातून ती काढणार कशी. बरोबर आहे. काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते, ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर आणि पंक्चर किट असेल तर २०२० पासून नियमांना ते चालतं. तुम्हाला चालतं का ते तुम्ही ठरवा.

आणि सकाळी गाड्या पुसायला येतो त्या पोराला विचारा. त्याच्या हाताखालून रोज वीस-पंचवीस गाड्या जातात. कुठल्या गाडीचं चकचकीत काळं प्लास्टिक महिन्यात ओरखड्यांनी भरतं, कुठल्या गाडीच्या मॅटखाली पावसाळ्यात ओल असते, हे त्याला तोंडपाठ असतं आणि त्याला कुठल्याच कंपनीचं कमिशन नाही.

बूटचं वेगळं सांगतो. गणपतीला गावी जाताना काय काय नेता ते आठवा आणि दोन बॅगा शोरूमला न्या, लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. ब्रेझाचं बूट ३२८ लिटर, क्रेटाचं ४३३, पण उंबरठा किती उंच आहे आणि तोंड किती रुंद आहे ते लिटरमध्ये दिसत नाही. सीएनजी घेणार असाल तर टाकी कुठे आहे ते आधी. एकच मोठी टाकी बूटमध्ये आडवी असेल तर बूट संपलं, बॅगा मांडीवर. टाटाने दोन छोट्या टाक्या बूटच्या तळाशी टाकायची पद्धत आणली, मारुतीने २०२५ च्या व्हिक्टोरिसमध्ये टाकी गाडीच्या पोटाखाली नेली, त्यामुळे आता "सीएनजी म्हणजे डिकी विसरा" असं राहिलेलं नाही. स्टेपनी कुठे गेली ते तेवढं विचारा.

पायरी ४ : यादीचे दोन ढीग करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं, नंतर बसवता येते की नाही.

नंतर सहज बसतात : रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, टायरमधल्या हवेचे सेन्सर, चांगले स्पीकर, हॉर्न, फूटमॅट, हातटेकणी, मोबाइल होल्डर, फॉग लॅम्प पण बम्परमध्ये जागा असेल तर.

नंतर कधीच बसत नाहीत, किंवा बसवू नयेत : एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारं ईएससी, पोराच्या सीटसाठी आयसोफिक्स, मागच्या चाकांना डिस्क, पुढेमागे होणारं स्टिअरिंग, सीटची उंची, ऑटो होल्ड, मधला तीन टोकांचा पट्टा. मागचा वायपर पण जवळपास यातच धरा, काच, मोटर, वायरिंग, पाण्याची नळी एवढं सगळं लागतं.

आता गंमत बघा, शोरूममध्ये ज्यावर जास्त बोलतात ते बहुतेक पहिल्या ढिगातलं असतं. मोठा स्क्रीन, रंगीत दिवे, आठ स्पीकर. तुमचे पैसे दुसऱ्या ढिगावर लावायचे. पहिला ढीग दिवाळी बोनसवर सोडा.

सुरक्षेचं स्टार रेटिंग बघताना भारत एनकॅपचं, म्हणजे सरकारी क्रॅश टेस्टचं, बघा, २०२३ पासून आपल्याकडेच टेस्ट होतात. मात्र तुम्ही घेताय त्या व्हेरियंटमध्ये तेवढ्याच एअरबॅग आहेत का हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरात वाचा.

बाहेर बसवून घेताना एकच नियम, वायर कापू द्यायची नाही. कपलरला कपलर (वायरच्या टोकाचे प्लग) लागेल असंच सामान घ्या. वायर कापली आणि उद्या इलेक्ट्रिकचं काही बिघडलं की वॉरंटीवर पहिला प्रश्न तोच येतो. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर कव्हर त्या जागी शिवण सुटणारंच हवं, नाहीतर एअरबॅग कव्हरच्या आतच फुगायची. महागातली सिस्टिम लावलीत तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत चढवून घ्या.

पायरी ५ : पैशाचं गणित, भावनेत न जाता

या गाड्या चार मीटरच्या आतच का कोंबलेल्या असतात? टॅक्समुळे. लांबी ४००० मिमीच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर गेलात की ४०. म्हणून बूट आखूड आणि मागच्या बम्परची पाठ सपाट. चार मीटरच्या आतली गाडी वरच्या व्हेरियंटची की बाहेरची गाडी खालच्या व्हेरियंटची, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझं मत : शहरात चार दिवस आणि कोकण दोनदा असेल तर छोटी गाडी, वरचा व्हेरियंट. उलट केलेले दोघं ओळखीत आहेत, दोघंही मोठ्या गाडीत मॅन्युअल काचा फिरवतात म्हणून आम्ही चिडवतो, तेवढं वाईट नाहीये पण मागच्या काचांचं खरंच तसं आहे.

महाराष्ट्रात अजून एक खाच आहे. पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२, आणि तो वाढीव टक्का नुसत्या वरच्या रकमेवर नाही, सगळ्या किमतीवर. ९.९० लाखांच्या गाडीला साधारण १.०९ लाख टॅक्स, १०.१० लाखांच्या गाडीला १.२१. म्हणजे वीस हजारांचं फीचर घेताना वर बारा हजार टॅक्स. शिवाय दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो रिटर्न भरताना परत मिळतो पण त्या दिवशी खिशातून जातोच. तेव्हा ऑन-रोड किमतीचा फरक विचारायचा, एक्स-शोरूमचा नाही.

पायरी ६ : टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर

शोरूमचा गुळगुळीत सर्व्हिस रोड नको. संध्याकाळी सहाला मागा, तुमच्या घरी यायला सांगा, तुमच्या रॅम्पवर चढवा, जमलं तर स्टॅकवर पण. घरातली जी दुसरी व्यक्ती चालवणार तिलाही चालवू द्या. मी पाच फूट दहा, बायको पाच फूट एक, तिला बॉनेटची कड दिसावी म्हणून सीट वर घ्यावी लागते आणि पाय पुरावेत म्हणून पुढे, मग छाती स्टिअरिंगच्या फार जवळ येते. छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभर तरी, म्हणजे २५ सेंटीमीटर, अंतर हवं, नाहीतर वाचवणारी एअरबॅगच मारते. इथे ते पुढेमागे होणारं स्टिअरिंग कामाला येतं.

रात्री पण एकदा चालवा, हेडलाइटसाठी. आणि एडास, म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून स्वतः ब्रेक मारणारी मदतनीस यंत्रणा, असेल तर आपल्या ट्रॅफिकमध्ये ते कसं वागतं बघा. अटल सेतूवर किंवा एक्स्प्रेसवेवर १०० ला लावून पुढच्या गाडीच्या मागे आपोआप चालणं हे फार सुखाचं, पण एलबीएस रोडवर बाइकवाला कट मारून घुसला की गाडी स्वतःच कचकन ब्रेक मारते आणि मागचा तुमच्यावर. बंद करायला किती बटणं दाबावी लागतात ते मोजा.

पायरी ७ : डिलिव्हरीआधीचा अर्धा तास

हार-नारळाच्या आधी, नोंदणीच्याही आधी, गाडी यार्डात जाऊन बघा. टायरवर चार आकडी कोड असतो, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा, त्यावरून टायर किती जुने ते कळतं. गाडी बनल्याचा महिना विचारा. तुमच्या व्हेरियंटची यादी हातात धरून एकेक फीचर चालवून बघा, कारण बुकिंग एका व्हेरियंटचं आणि गाडी दुसऱ्याच, असं होतं.

आणि सनरूफ घेतलाच असेल, घरच्यांचा आग्रह असतो, मी समजू शकतो, तर एवढं करा. सनरूफ पूर्ण वॉटरप्रूफ नसतोच. रबरातून थोडं पाणी आत येणार हे धरूनच चौकटीला पन्हळ दिलेली असते, आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांतून खाली जातात. धूळ आणि झाडाचा पाला त्यात बसला की पाणी तुंबतं आणि मग रीडिंग लाइटमधून येतं. माझी गाडी पर्जन्यवृक्षाखाली उभी असते, त्याची ती बारीक पानं, बस. सर्व्हिस सेंटरने दोनदा रबर बदलायचं एस्टिमेट दिलं, शेवटी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने पातळ मऊ वायर घालून पाल्याचा बोळा बाहेर काढला आणि शंभर रुपये घेतले. जोरात हवा मारू देऊ नका, नळी आतल्या जोडातून सुटते. दर मेमध्ये छत उघडायचं, पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू सोडायचं आणि खाली वाकून बघायचं, पुढच्या चाकाजवळ धार आली की नळी मोकळी.

मेव्हण्याच्या नव्या गाडीच्या वेळी मी यार्डातच हे करायला घेतलं. सेल्सचा पोरगा धावत आला, "सर, अहो, नवीन गाडी आहे, पाणी काय ओतताय?" मी म्हटलं थांब जरा, वाक. डावीकडे धार आली. उजवीकडे नाही आली. मग तोच स्वतःहून म्हणाला, "सर, डिलिव्हरी उद्या ठेवूया."